भिंतीवरचा गुमास्ता आणि ३० जून

दुकानात काउंटरच्या मागे, गणपतीच्या फोटोशेजारी, फ्रेम केलेला एक सरकारी कागद टांगलेला असतो. मुंबईत आणि विदर्भात त्याला गुमास्ता म्हणतात, पुण्याकडे शॉप ॲक्ट. “तुमची नोंदणी चालू आहे ना?” असं बँकेच्या माणसानं विचारलं, की दुकानदार मान वर करून त्या कागदावर मुदत शोधायला लागतो. कागद जुना असेल तर मुदत सापडते, आणि ती बहुधा कधीच उलटून गेलेली असते. कागद नवा असेल तर मुदत सापडतच नाही.

खरं तर छोट्या दुकानाच्या बाबतीत त्या कागदाला आता दरवर्षी काही करावं लागत नाही. दरवर्षी जे करायचं ते दुसऱ्याच खात्याकडे असतं, आणि त्याची आठवण करून द्यायला कुणी दुकानात येत नाही. हे नीट कळावं म्हणून एक दुकान डोळ्यांसमोर ठेवू. बार्शीतलं शाळेच्या गणवेशांचं दुकान. मालकीणताई स्वतः कटिंग करतात, मशिनवर दोन बायका आहेत, काउंटर सांभाळायला आणि सोलापूरहून माल आणायला एक मुलगा. जीएसटी क्रमांक घेतलेला आहे. दुकान कल्पित आहे, कागद मात्र खरे.

आधी भिंतीवरचा कागद. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीची मुदत कॅलेंडरच्या वर्षाला बांधलेली होती. ३१ डिसेंबरला ती संपायची आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी किमान पंधरा दिवस द्यायला हवा असायचा. म्हणून जुन्या दुकानदारांच्या डोक्यात डिसेंबरचा पहिला पंधरवडा अजून पक्का बसलेला आहे. तो कायदा गेला. त्याच्या जागी ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू आहे. या नव्या कायद्यानं एक मोठी रेघ मारली: दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच नको, व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की झालं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याला मंजुरी दिली. रेघ दहावर धरा किंवा वीसवर, आपल्या ताईंचं तीन माणसांचं दुकान दोन्हीकडून सूचनेच्याच बाजूला पडतं.

सूचना म्हणजे फॉर्म ‘एफ’. तो भरून दिला की फॉर्म ‘जी’ मध्ये पोच मिळते, आणि आज अनेक दुकानांत फ्रेममध्ये असते ती हीच पोच. तिला मुदत नाही, त्यामुळे नूतनीकरणही नाही. तिच्यासाठी पोर्टलवर जाणारी रक्कम २३ रुपये ६० पैसे. वीस रुपये सेवाशुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, हा त्याचा हिशेब. सेवा केंद्रवाला स्कॅनिंगचे आणि बसून फॉर्म भरण्याचे वेगळे पैसे घेतो, ते त्याच्या श्रमाचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण “शॉप ॲक्ट रिन्यू करायचंय, सरकारी फी दोन हजार” असं कुणी तीन माणसांच्या दुकानाला सांगत असेल, तर त्या फीची पावती मागावी.

कामगार त्या रेघेइतके किंवा त्याहून जास्त असतील तर चित्र वेगळं. तिथं रीतसर नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं आणि मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करावं लागतं. भिंतीवर १९४८ च्या कायद्याखालचं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र असलेले छोटे दुकानदार मात्र तिसऱ्याच गटात येतात. त्यांनी त्या कागदाचं नूतनीकरण करून घ्यायच्या खटपटीत पडू नये. ते आता होत नाही. नव्या कायद्याखाली नव्यानं सूचना द्यावी, की विषय संपला.

सूचनेबरोबर जे कागद चढवावे लागतात त्यात आधार आणि पॅन तर असतंच, पण लोकांची गाडी अडते ती दुकानाच्या फोटोवर. फोटोत दुकानाचा दर्शनी भाग आणि मराठी पाटी स्पष्ट दिसायला हवी. पाटी कशी असावी हेही कायद्यानं ठरवलंय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, अगदी एकही नसला तरी, दुकानाचं नाव मराठीत देवनागरी लिपीत लिहिणं बंधनकारक आहे. इतर भाषा चालतात, पण मराठी अक्षरं त्यांच्यापेक्षा लहान असून चालत नाही आणि मराठी नाव आधी यायला हवं. मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेनं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. मराठी पाटीवर भांडण्यात वकिलाची जितकी फी गेली असेल, तितक्यात पाट्या रंगवून झाल्या असत्या.

फॉर्म ‘एफ’ एकदाच भरायचा असला तरी त्यातली माहिती खरी ठेवणं हे काम कायमचं आहे. पत्ता बदलला, दुकानाचं नाव बदललं, मालक बदलला, धंद्याचं स्वरूप बदललं, तर तीस दिवसांत कळवायचं असतं. आपल्या ताईंनी उद्या पुढच्या चौकात मोठा गाळा घेतला, तर जुनी पोच नव्या गाळ्यात टांगून भागणार नाही. एरवी याचा जाच कुणालाच होत नाही, जाच होतो तो बँकेत. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं चालू खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे धंद्याचे पुरावे लागतात, आणि हे दुकानाचे कागद त्यातलेच. पॅनवर एक नाव, पोचेवर दुसरं, जीएसटीवर जुना पत्ता असं असलं की कर्जाची फाइल महिनाभर टेबलावर पडून राहते. वर्षातून एकदा, शाळा सुरू होण्याच्या गर्दीआधी किंवा दिवाळीनंतर, सगळे कागद एका टेबलावर पसरून नाव, पत्ता, मोबाइल आणि ईमेल जुळतायत का एवढं तरी पाहावं. मोबाइल नंबर विशेष. दुकान सोडून गेलेल्या पोराच्या नंबरवर ओटीपी जात असेल, तर पोर्टल तुम्हाला तुमच्याच खात्यात शिरू देणार नाही.

एक गैरसमज इथंच दूर केलेला बरा. ही पोच म्हणजे गाळ्यावरचा हक्क नव्हे आणि बांधकाम अधिकृत असल्याचा दाखलाही नव्हे. “माझ्याकडे शॉप ॲक्ट आहे” म्हणून अतिक्रमणवाले परत जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी भरायचा तो व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात.

हा कर महाराष्ट्रात आला तो १९७५ च्या कायद्यानं, आणि त्यामागे दुष्काळाची कथा आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर पसरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेला कायमचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. शहरांतल्या पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी आणि व्यावसायिकांनी दरवर्षी थोडं द्यावं आणि ते खेड्यातल्या कामांवर जावं, असा तोडगा निघाला. असा कर लावायची मुभा राज्याला राज्यघटनेच्या कलम २७६ नं दिलेली आहे, पण त्याच कलमानं वरची मर्यादाही घातली आहे: एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीआधी ही मर्यादा २५० रुपये होती. त्यानंतरच्या साडेतीन दशकांहून जास्त काळात बाकी सगळं महागलं, हा आकडा मात्र घटनेत बसलेला असल्यामुळे जागचा हललेला नाही. दुकानदाराला सरकारकडून मिळालेली ही दुर्मीळ सवलत आहे, आणि ती कुणी मुद्दाम दिलेली नाही.

या कायद्याखाली दोन वेगळी खाती असतात आणि गोंधळ सगळा तिथं होतो. पहिलं पीटीईसी. ते मालकाचं स्वतःचं: ‘मी धंदा करतो, माझा कर मी भरतो.’ दुसरं पीटीआरसी. ते मालकाचं, पण कर कामगाराचा: ‘माझ्याकडे काम करणाऱ्याच्या पगारातून मी कर कापला आणि सरकारकडे भरला.’ दोन्हींना वेगवेगळा क्रमांक मिळतो. पीटीईसीचा ९९ नं सुरू होतो, पीटीआरसीचा २७ नं, आणि दोन्हींच्या शेवटी इंग्रजी ‘पी’ अक्षर असतं. चलान काढताना पहिले दोन आकडे पाहिले तरी पैसे चुकीच्या खात्यात जाणं टळतं.

पीटीईसी आधी घेऊ. धंदा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत नाव नोंदवायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला दोन रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार-पाच वर्षांचे दिवस मोजून पाहा. कुणाला किती कर, ते कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत दिलेलं आहे. जीएसटी क्रमांक असलेल्या व्यापाऱ्याला ते वर्षाला २,५०० रुपये पडतात, म्हणून आपल्या ताईंनाही तेवढेच. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा कर वेगळा, कंपनीत प्रत्येक संचालकाचा वेगळा. मात्र एकच माणूस दुकान चालवतो, शिवाय विमा एजंट आहे आणि एका कंपनीत संचालकही आहे, तर त्यानं तीनदा भरायचा नाही. कर माणसावर आहे, त्याच्या टोप्यांवर नाही. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे.

वर्ष धरलं जातं १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि त्या वर्षाचा कर ३० जूनपर्यंत भरायचा. म्हणजे वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू झाल्यावर तीन महिन्यांत, आगाऊ. आयकराची सवय असलेल्यांची इथं हमखास गफलत होते. आयकर मागच्या वर्षाचा असतो, हा चालू वर्षाचा. ३१ मेनंतर नाव नोंदवलेल्यांना नोंदणीपासून एक महिना मिळतो.

आता ताईंचं दुकान पाहा. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. पंधरा मे ते तीस जून या दुकानात पाय ठेवायला जागा नसते; अमुक शाळेचा चेक्सचा शर्ट, तमुक शाळेची निळी हाफपँट, आई-बापांची रांग, आणि “उद्या द्याच” म्हणणारे मुख्याध्यापक. त्या धांदलीत ३० जून येतो आणि जातो. म्हणून गणवेश, वह्या, रेनकोट, बियाणं असा पावसाळ्याच्या तोंडावरचा धंदा असणाऱ्यांनी हा कर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरून मोकळं व्हावं. १ एप्रिलपासून तो भरता येतो आणि २,५०० रुपये जवळजवळ तीन महिने जास्त हातात राहून कुणाचं भलं होत नाही.

याहून सोपी एक वाट कायद्यातच आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. चार वर्षांचा कर, म्हणजे १०,००० रुपये, एकरकमी आगाऊ भरला तर पाच वर्षांची जबाबदारी फिटते. अडीच हजार वाचतात हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की पाच जून महिने डोक्यातून जातात. ज्याला दोन वर्षांत दुकान बंद करायचं आहे त्यानं या वाटेला जाऊ नये, बाकीच्यांनी अवश्य जावं.

भरायचं कसं? राज्य जीएसटी विभागाच्या पोर्टलवर, ज्याला लोक महाजीएसटी म्हणतात, ई-पेमेंटमध्ये पीटीईसीचा पर्याय निवडायचा, क्रमांक टाकायचा, आर्थिक वर्ष निवडायचं, रक्कम घालायची. पैसे राज्याच्या ‘ग्रास’ या भरणा-प्रणालीतून जातात आणि एमटीआर-६ हे चलान तयार होतं. या चलानवरच्या दोन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. एक म्हणजे जीआरएन, या भरण्याचा सरकारी क्रमांक. बँकेतून पैसे गेले आणि हा क्रमांक असलेलं चलान आलं नाही, तर भरणा पूर्ण झालेला नाही असं समजून चालावं. दुसरी म्हणजे कालावधी. २०२६-२७ चा कर भरायला बसलेला माणूस गडबडीत यादीतलं मागचं वर्ष निवडतो. पैसे सरकारकडे जातात खरे, पण मागच्या वर्षाच्या खात्यात जास्तीचे म्हणून बसतात आणि चालू वर्ष कोरडंच राहतं. वर्षभरानं नोटीस येते तेव्हा “मी तर भरलाय” असं म्हणत माणूस चलान पुढे करतो, आणि चलानच त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

चुकलं तर महिन्याला सव्वा टक्का व्याज. २,५०० वर ते महिन्याला ३१ रुपये २५ पैसे होतं. शिवाय थकलेल्या रकमेच्या दहा टक्के दंड लागू शकतो, म्हणजे २५०. एका वर्षाची चूक खिशाला फारशी जाणवत नाही. जाणवतं ते पाच-सहा वर्षांचं एकदम निघालेलं बिल.

आता पीटीआरसी, कामगारांचा कर. मालकाच्या हाताखाली कुणाचाही पगार कराच्या पट्ट्यात आला की ही नोंदणी लागते. पुरुष कामगाराला महिन्याला ७,५०० पर्यंत कर नाही, ७,५०१ ते १०,००० मध्ये १७५ रुपये, त्यापुढे २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. हे फेब्रुवारीचं शंभर रुपये जास्तीचं कोडं अनेक कामगार मालकाला विचारतात, मालक सीएला विचारतो. उत्तर वर आलेलंच आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००, आणि घटनेनं ठरवलेले २,५०० पुरे करायला शेवटच्या महिन्यात तीनशे. स्त्री कामगारांसाठी ही पगाराची मर्यादा २०२३ मध्ये १०,००० वरून २५,००० केली गेली. तेव्हा ताईंच्या मशिनवरच्या दोघी बारा-तेरा हजारांवर असतील तर त्यांचा कर शून्य. काउंटरवरचा मुलगा साडेबारा हजारांवर आहे, त्याचे वर्षाला २,५०० कापले जाणार. ताईंनी ते दरमहा कापले नाहीत, तरी सरकार मागणार ते ताईंकडेच. “मी कापलाच नाही” हा बचाव इथं चालत नाही, आणि वर्षाअखेर त्या पोराकडून एकदम अडीच हजार मागणं बरं दिसत नाही.

मागच्या वर्षातला हा कर एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत. एक लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला. वार्षिक विवरणपत्रातलं वर्ष पुन्हा वेगळं आहे, ते मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं. म्हणजे मार्चचा पगार या वर्षाच्या नाही, पुढच्या वर्षाच्या विवरणपत्रात जातो. एप्रिल-मार्च धरून हिशेब करणाऱ्याचा एक महिना दरवर्षी इकडचा तिकडे होतो. आधी कर भरायचा, मग चलानचे तपशील घालून फॉर्म ३-बी चढवायचा, हा क्रम. एक्सेलचा साचा उतरवून घ्यायचा, भरायचा, त्यातलं तपासणीचं बटण दाबायचं आणि तयार झालेली फाइल पोर्टलवर टाकायची. हे काम ताईंनी स्वतः करावं असं मी म्हणणार नाही. एक्सेलचे मॅक्रो चालू करण्यात अर्धी दुपार घालवण्यापेक्षा कर सल्लागाराला दोन पैसे देणं परवडतं. पण तारीख ताईंना पाठ हवी. कारण उशीर झाला तर पहिल्या तीस दिवसांत २०० रुपये विलंबशुल्क, आणि त्यानंतर सरळ १,०००. २,५०० रुपयांच्या करासाठी हजार रुपये उशिराचे! कर भरला आणि विवरणपत्र राहिलं, तरी हेच. “पैसे तर भरलेत, आता काय?” असं म्हणणारे याच हजारात अडकतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. पाच किंवा जास्त कामगार असतील तर महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी वर्षातून दोनदा, जूनची १५ जुलैपर्यंत आणि डिसेंबरची १५ जानेवारीपर्यंत. २०२४ पासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ असा सहामाही दर आहे. ताईंचे तीनच कामगार, त्यांना ही लागू नाही. जीएसटी क्रमांकाला नूतनीकरण नसतं, पण विवरणपत्रं थांबली की क्रमांक रद्द होतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांचं वार्षिक विवरणपत्र २०२४-२५ पासून ३० जूनला आलं आहे, म्हणजे पीटीईसीच्याच दिवशी, तेव्हा दोन्ही एका बैठकीत उरका. उद्यम नोंदणी ही केंद्र सरकारची. ती फुकट आहे आणि तिला नूतनीकरण नाही. “तुमचं उद्यम सर्टिफिकेट एक्स्पायर होतंय, लगेच पैसे भरा” असा फोन आला तर तो लबाडाचा समजा.

ताई सुटं कापडही मोजून विकत असतील तर आणखी एक खातं येतं, वैध मापनशास्त्राचं. त्यांची लोखंडी मीटरपट्टी टोकाशी नीट निरखून पाहिली तर धातूवर ठोकलेला बारीक शिक्का दिसेल. निरीक्षकाचं चिन्ह, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. हे अक्षर वर्षातली तिमाही सांगतं. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च. पट्टी दर दोन वर्षांनी पडताळायची, शेजारच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी. बाजारात याला काटा पासिंग म्हणतात. गंमत अशी, की दुकानातल्या सगळ्या कागदांवर मिळून जी मुदत वाचता येत नाही, ती या बोटभर जागेत सरळ ठोकलेली असते.

सगळ्यात जास्त घरांत सापडणारा घोळ मात्र नावाचा असतो. दुकान वडिलांच्या नावानं सुरू झालं. वडील ६५ च्या पुढे गेले, व्यवसाय कर थांबला, तो कायद्यानंच थांबला. गल्ल्यावर मुलगा बसू लागला. मग वडील गेले. पोच वडिलांच्या नावावर, वीजबिल आजोबांच्या, जीएसटी तसाच चालू, आणि मुलाचं नाव कुठेच नाही. पीटीईसी माणसाच्या पॅनवर असतं, ते वारसानं येत नाही. मुलानं स्वतःची नोंदणी घ्यायची असते, वडिलांची रद्द करायची असते, आणि दुकानाच्या सूचनेत मालक बदलल्याचं कळवायचं असतं. तेराव्याच्या सुमारास हे कुणाला सुचत नाही, ते स्वाभाविकच. पण सहा महिने गेले तरी सुचत नाही, आणि मग बँक वडिलांचं चालू खातं गोठवते तेव्हा सगळं एकदम अंगावर येतं. भागीदारी असेल तर एक भागीदार गेल्याची किंवा नवा आल्याची नोंद फर्म निबंधकांकडेही करावी लागते. नोंदणीच नसलेल्या भागीदारीला थकलेल्या उधारीसाठी कोर्टात दावासुद्धा लावता येत नाही.

दुकान बंद करताना याच्या उलट चूक होते. शटर ओढलं, गाळा सोडला, माल विकला, म्हणजे सगळं संपलं असं वाटतं. सरकारच्या लेखी काहीच संपलेलं नसतं. पीटीईसी चालू असेपर्यंत दर १ एप्रिलला नवे २,५०० रुपये खात्यावर चढतात, त्यावर व्याज, वर दंड. चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या दुकानाची मागणी हातात पडली, की माणूस म्हणतो, “पण दुकानच नाहीये!” हे खात्याला कळायला हवं होतं, आणि कळवायचं काम दुकानदाराचं होतं. दुकाने कायद्याखाली बंद केल्याची माहिती तीस दिवसांत द्यायची. जीएसटी रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत आणि अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत. पीटीईसी आणि पीटीआरसी दोन्ही रद्द करायला महाजीएसटीवर अर्ज करायचा, आणि त्याआधी शेवटपर्यंतचा कर आणि विवरणपत्रं पुरी करायची. गाळा सोडल्याचा करार, शेवटचं वीजबिल, असा एखादा तारखेचा पुरावा जपून ठेवावा. दुकान कोणत्या महिन्यात बंद झालं हे तोंडी सांगून कुणी मान्य करत नाही.

माझं मत विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत महाग पडते ती बंद न केलेली नोंदणी. चालू दुकानाची चूक वर्ष-दोन वर्षांत कुणाच्या तरी लक्षात येते, कारण सीए येतो, बँक विचारते. बंद दुकानाकडे कुणीच पाहत नाही.

महाजीएसटीवर ‘नो युवर टॅक्सपेयर’ अशी सोय आहे. तिथं आपला क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. तुमचं, किंवा तुमच्या दिवंगत वडिलांचं, किंवा कोविडच्या काळात बंद पडलेल्या तुमच्या जुन्या दुकानाचं पीटीईसी आज कोणत्या अवस्थेत आहे, ते एकदा तिथं जाऊन बघून घ्या.